पाणी वर आलं

पंपमामाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण, आणि तीसुद्धा रागावली तरच. बाकी भिंतीबाहेरच्या गल्लीत तो सगळ्यांचाच मामा. ताईचा मुलगा मामा म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारची पोरं म्हणायला लागली, मग पोरांच्या आया, आणि शेवटी दूधवाल्यानेही तेच सुरू केलं. पंप हा शब्द पुढे कोणी चिकटवला ते कुणालाच आठवत नाही. पण तो इतका फिट्ट बसला की मामाने पंपाशिवाय दुसरं काही आयुष्य काढलं असेल असं कुणाला वाटायचं नाही.

भिंत म्हणजे कारखान्याची. आत फौजेसाठी रॉकेटचं इंधन बनायचं. मिश्रणाची मोठाली भांडी रोज पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची आणि ते धुवण शेडच्या मागच्या खड्ड्यात सोडायचं, अशी तिथली पद्धत. खड्डा उन्हात सुकायचा, सुकला की कामगार म्हणायचे झालं. साहेबही म्हणायचे झालं. एवढी शिकलेली माणसं, पण पाणी सुकतं तसं मुरतंही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही की येऊन सोयीस्करपणे विसरलं गेलं, देव जाणे. इंधनातलं रासायनिक मीठ त्या पाण्यात विरघळून खाली जात राहिलं आणि भिंत ओलांडून गल्लीतल्या विहिरींपर्यंत पोचलं. त्याला वास नाही, रंग नाही, एवढ्याशा प्रमाणात चवही नाही. गळ्यातल्या ग्रंथीचं काम ते मंद करतं. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं. तान्ह्या बाळाच्या अंगाची आणि मेंदूची वाढ मात्र त्या ग्रंथीवरच असते.

हे उघडकीला आलं तेव्हा गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. विहिरींवर लोखंडी झाकणं बसली, झाकणाला तार, तारेला शिशाचं सील. प्यायला टँकर आला. आणि कारखान्याच्या मागच्या बाजूला जमिनीखालचं पाणी स्वच्छ करायचं केंद्र उभं राहिलं. खोल बोअरमधून पाणी उपसायचं, बारीक मण्यांनी भरलेल्या उंच टाक्यांतून सोडायचं, मणी ते मीठ धरून ठेवणार, पाणी पुढे नाल्याला जाणार. मामा तेव्हा कारखान्यात फिटर होता, पोरसवदा. त्याची बदली पंपांवर झाली. थोड्याच वर्षांचं काम आहे, मग परत शेडमध्ये ये, असं साहेबाने सांगितलं होतं. तो साहेब निवृत्त झाला, वारला, आणि मामाचे केस पिकले तरी पंप चालूच होते.

मामाने लग्न केलं नाही. म्हणजे ठरवून केलं नाही असं नव्हे, राहून गेलं. ताई सांगायची की एकदा मुलीकडची माणसं आली होती, तर ह्याने मुलीच्या बापाला मण्यांच्या टाक्या कशा धुतात ते चहा गार होईपर्यंत समजावलं. ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. ताईला हे सांगताना हसू आवरायचं नाही आणि मामा खाली मान घालून म्हणायचा, "त्यांनीच विचारलं होतं, ताई."

आई गेली तेव्हा मामाला नीट बोलताही येत नव्हतं. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, स्वतःच्या लग्नात सासरच्यांना पहिली अट घातली की भाऊ माझ्याबरोबर राहील. ताईचं घर भिंतीला लागूनच. अंगणात विहीर, नवऱ्याने स्वतः खणलेली. नवरा लवकर गेला. मग विहीर बंद झाली. मग मुलगा मोठा झाला आणि दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. मामाला केंद्राजवळ एक खोली मिळाली होती, पण जेवायला तो दोन्ही वेळा ताईकडे.

मुलगा आईला न्यायला तयार होता. ताई हलायला तयार नव्हती. ती म्हणायची, तुम्हीच इकडे या, एवढं घर आहे, मागे खोल्या रिकाम्या पडल्यात. त्यावर मुलाचं एकच उत्तर असायचं, "आई, ज्या घरातली विहीर सील केलीय त्या घरात मी बायको आणणार नाही. पाणी साफ झालं की सांग." यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणून मग ताई मामाला विचारायची. ताटावर बसला की पहिला घास तोंडात जायच्या आत विचारायची.

"आकडा काय म्हणतोय?"

"उतरतोय."

"किती उतरला?"

"उतरतोय ना, ताई. जेवू दे."

आणि तो खरंच उतरत होता. गल्लीत ठिकठिकाणी जमिनीत नळ्या रोवलेल्या होत्या, कुलूपबंद टोपणांच्या. मामा ठरलेल्या दिवशी त्यातून आधी साचलेलं पाणी उपसून टाकायचा, मग ताजं आलेलं बाटलीत भरायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. वर्षामागून वर्षं पाण्यातल्या मिठाचा आकडा हळूहळू खाली येत गेला. मामाचा त्या आकड्यावर असा जीव जडला होता की लोक पोरांच्या मार्कांबद्दल बोलतात तसा तो त्याबद्दल बोलायचा. ताईची सून गरोदर असल्याची बातमी आली त्याच्या आगेमागेच एक दिवस केंद्राच्या इंजिनियरबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की सगळ्या नळ्यांचा आकडा मर्यादेच्या खाली आला आहे.

इंजिनियरबाई तशा वयाने लहान, पण मामा त्यांना घाबरून असायचा. त्या उगाच हसायच्या नाहीत आणि उगाच धीरही द्यायच्या नाहीत.

"आता पंप बंद करायचे," त्या म्हणाल्या. "वर्षभर. पंप चालू असताना आकडा खाली असणं वेगळं आणि पंप बंद असताना खाली राहणं वेगळं. पाण्याला शांत राहू द्यायचं आणि बघायचं. तोवर एकही विहीर उघडायची नाही. लोकांना काही सांगायचंसुद्धा नाही, मामा. कळलं ना?"

मामा कळलं म्हणाला. मान डोलावून म्हणाला. पण त्याच्या कानात फक्त आकडा खाली आलाय एवढंच गेलं होतं. पंपांची बटणं त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. इतक्या वर्षांचा तो घुमणारा आवाज थांबला आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली की मामाला रडू फुटलं. त्याला वाटलं, जिंकलो. आयुष्यभर ज्याने पंपाचा आवाज ऐकला त्याला पंपाचं गप्प होणं म्हणजे काम संपणं वाटलं, तर त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. पण चूक ती चूकच, आणि ती त्याने त्याच संध्याकाळी केली.

गल्लीतल्या विहिरींची सीलं तपासायचं काम मामाचंच होतं. तार कापायची पक्कड आणि शिसं दाबायचा चिमटा त्याच्याच पिशवीत असायचा. त्यामुळे एखादं सील तुटलं तर ते पाहणार कोण? तोच. ताई कणीक मळत होती. तिच्या हाताचं पीठसुद्धा त्याने पुसू दिलं नाही, तिला दंडाला धरून अंगणात आणलं आणि तार कापली. झाकण गंजून बसलं होतं. दोघांनी मिळून पहार घालून ते बाजूला केलं.

ताई वाकून बघत राहिली. खूप खाली, अंधारात, पाण्याचा एक लहानसा तुकडा चमकत होता.

"केवढं खाली गेलंय रे," ती म्हणाली.

"पंपांनी ओढलेलं ना. आता बंद केलेत. येईल वर."

रात्री मुलाचा फोन आला तेव्हा ताईने तो सरळ मामाच्या हातात दिला.

"मामा, नक्की ना?" भाचा म्हणाला. "तू म्हणशील तर मी हिला बाळंतपणानंतर तिकडे आणतो. मला इथे तिघांचं भागवताना नाकी नऊ येणारच आहेत. पण तू नक्की सांग. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय," मामा म्हणाला. हे खरं होतं. म्हणून तर ते इतकं वाईट होतं.

बाळ झालं. मुलगी. सगळे जण तिला चिमी म्हणायला लागले. ती अगदी लहान असतानाच सून तिला घेऊन ताईकडे राहायला आली, भाचाही इकडे बदली करून घेऊन मागोमाग आला. मागच्या खोल्या उघडल्या, जाळ्या निघाल्या, दोरीवर लंगोट वाळायला लागले. ताईच्या पायात वीस वर्षांच्या पोरीचा जोर आला. मामा संध्याकाळी यायचा तो आधी हात धुवायचा, मग चिमीला मांडीवर घ्यायचा. ती त्याच्या अंगठ्याला धरून बसायची. टाक्या आणि मणी विसरून मामा बोबडं बोलायला शिकला, या वयात.

आणि विहिरीचं पाणी वर येत होतं. रोज ताई कठड्यावरून वाकून बघायची. आधी एक पायरीसारखा दगड बुडाला, मग त्याच्या वरचा. दोर लहान लागायला लागला. "बघ, बघ कसं चढतंय," ती मामाला ओढत न्यायची. "जमीन खूश झालीय माझी." शेजाऱ्यांना ताईने सांगितलं होतं की पाणी फक्त झाडांना आणि धुण्याला घेते. कुणी फारसं विचारलं नाही. सून हुशार आणि दक्ष मुलगी. ती बाळाच्या दुधात मिसळायचं पाणी आधी चांगलं खळखळून उकळायची, अर्धं आटेपर्यंत. सासूलाही तेच सांगायची, "आई, विहीर बरीच वर्षं बंद होती ना, उकळलेलं बरं." मामा कौतुकाने बघायचा. त्याला एवढं माहीत होतं की हे मीठ उकळून जात नाही. पण मीठ आता उरलंच नाही, मग उकळलं काय आणि न उकळलं काय, अशी त्याची समजूत.

वर्ष संपायला थोडे दिवस होते. नळ्यांचे नमुने जात होते आणि आकड्यांचं मामाला कोणी काही कळवलं नव्हतं. मग एका दुपारी इंजिनियरबाई स्वतः पंपांच्या शेडमध्ये आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या.

"पंप चालू करावे लागतील, मामा. परत आलंय. पहिल्यापेक्षा जास्त आहे."

मामाला काही कळेना. "कुठून येणार? सगळं तर उपसलं."

"खालचं उपसलं. पंप चालू होते तेव्हा पाणी खाली गेलं होतं, वरची माती कोरडी पडली होती. मीठ त्या कोरड्या मातीत तसंच बसलेलं होतं. पंप थांबले, पाणी वर चढलं, ते पुन्हा विरघळलं." त्यांनी पहिल्यांदाच मामाकडे नीट पाहिलं. "अहो, बसा. तुम्ही का एवढे... हे अपेक्षित होतं काही प्रमाणात. म्हणूनच तर विहिरी उघडायच्या नव्हत्या."

"भिंतीबाहेर?" मामाने विचारलं.

"भिंतीबाहेरच सगळ्यात जास्त. भिंतीला लागूनच्या घरांखाली."

पाणी वर येत होतं ते हे घेऊन येत होतं. ताई रोज वाकून ज्याच्याकडे बघून हसत होती ते हे होतं. मामा तिथून निघाला तो पळतच. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हाक मारली ती त्याने ऐकली नाही.

घरात सून स्टोव्हपाशी होती. पातेल्यात पाणी उकळत होतं. मामाने जाऊन स्टोव्ह बंद केला. ती दचकली.

"मामा, काय झालं?"

"हे पाणी देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस."

भाचा आतून आला. मामाने सगळं सांगितलं, न थांबता, कुणाकडेही न बघता. पंप, आकडा, बाईंनी घातलेली अट, तार कुणी कापली ते. सून बोलली, हळू आवाजात, जणू यातून वाट निघेल अशी आशा असल्यासारखी.

"पण मी तर उकळून देत होते. खूप उकळत होते."

मामा पातेल्याकडे बघत राहिला. भाचा म्हणाला, "उकळल्याने जातं ना? मामा? काहीतरी बोल."

"पाणी आटतं," मामा म्हणाला. "मीठ नाही जात. ते... दाट होतं."

सून खाली बसली. भाच्याने चिमीला उचललं आणि छातीशी धरलं. तो आयुष्यभर मामाला तू म्हणत आलेला. तो म्हणाला, "तुम्ही जा इथून. कृपा करून जा."

डॉक्टरांनी चिमीचं रक्त तपासलं. ग्रंथी मंद झाली होती. औषध सुरू केलं. आईबापांनी विचारायचं ते विचारलं, की हिची वाढ नीट होईल ना, बोलेल ना, शिकेल ना. डॉक्टर भला माणूस असावा, त्याने खोटं सांगितलं नाही. औषध लागू पडेल, पण आधीच्या महिन्यांत काय राहून गेलं ते आत्ता कळणार नाही, मूल मोठं होईल तसं दिसेल. दर काही दिवसांनी रक्त आणत जा. भाच्याने सामान बांधलं आणि ते परत गेले. ताईला त्याने ये म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही. दोरीवर एक लंगोट राहून गेला होता, तो तिने काढून घडी घालून फळीवर ठेवला.

मामाने इंजिनियरबाईंनाही जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल." मामा म्हणाला, "कळवा." त्याची पिशवी, पक्कड, चिमटा, किल्ल्या सगळं काढून घेतलं. निवृत्तीला थोडकेच दिवस उरले होते, ते त्याने घरी काढावे असं ठरलं. पंप पुन्हा चालू झाले. बटण दुसऱ्याच कुणी दाबलं. मामाला खोलीत पडल्यापडल्या तो घुमणारा आवाज ऐकू यायचा आणि तो उशी कानावर घ्यायचा. गल्लीत लोक त्याला बघून बाजूला व्हायचे. शिव्या देणारेही होते. शिव्यांचं त्याला बरं वाटायचं.

ताईकडे जायची त्याची हिंमत होत नव्हती. पण नव्या माणसाने विहिरीला सील लावल्याचं त्याला कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तो थांबला.

घरात जिकडेतिकडे पाणी भरून ठेवलेलं होतं. हंडे, कळशा, पातेली, बरण्या, डबे, चिमीला अंघोळ घालायचा प्लॅस्टिकचा टबसुद्धा. सगळ्यांवर झाकणं, नाहीतर ताटं, नाहीतर फडकी. सील लावायला माणूस येणार हे कळल्यावर ताईने विहीर उपसून घरातलं एकूण एक भांडं भरलं होतं. ती खाटेवर बसली होती. हातात पेला होता.

"ताई, टँकर येत नाही का?"

"येतो. दारातच उभा राहतो." तिने पेल्यातलं थोडं प्यायलं. "मी घेत नाही."

मामाने पुढे होऊन पेला काढून घेतला. तिने घेऊ दिला. मग बाजूच्या कळशीतून वाटीने पाणी घेतलं आणि वाटी तोंडाला लावली.

"ताई, काय करतेस हे?"

"तिने प्यायलं ना एवढे महिने? माझ्या हातून प्यायलं. मी तिला भरवलं." ताईचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची हे सांगावं तसा. "मग मीही पिणार. जे काही व्हायचंय ते आधी मला होऊ दे. माझ्यावर भागलं तर तिच्यावर नाही येणार."

"असं नसतं ताई. पाण्याला असं काही कळत नाही."

"मग कुणाला कळतं?" ती म्हणाली. "तुला कळत होतं?"

मामा तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. ती रागावलेली नव्हती. तिच्यात काही उरलंच नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मोठी झाली की ती नीट बोलेल ना रे?" मामाला माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायचा हक्क तो केव्हाच घालवून बसला होता.

शेवटी तो उठला. हे सगळं ओतून टाकायचं, एकही भांडं ठेवायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने जवळची कळशी उचलली आणि अंगणात आला. जमिनीवर ओततो तर पाणी मुरून परत विहिरीतच जाणार. मोरीत ओततो तर गटारातून नाल्याला, नाल्यावर खालची वस्ती. केंद्रावर न्यावं तर फाटकातून त्याला आत सोडत नाहीत. उकळून आटवावं तर तळाशी तेच उरणार. इतकी वर्षं त्याने दुसरं काम केलं नव्हतं, आणि एक कळशी पाणी कुठे टाकावं हे त्याला सुचेना.

"ठेव ती खाली," ताई आतून म्हणाली. "हात भरून येतील."

त्याने ठेवली नाही. खाली तरी कुठे ठेवणार होता? भिंतीपलीकडे पंप घुमत होते, आत ताई वाटीने पाणी पीत होती, आणि मामा ती भरलेली कळशी छातीशी धरून अंगणाच्या मध्यावर उभा राहिला.